उंबरठ्याआतली अहिंसा आणि आपली समीक्षा

अहिंसा या शब्दाविषयी आपल्या माणसांच्या मनात एक अढी आहे आणि ती निराधार नाही. मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकणाऱ्या आणि माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या समाजाने हा शब्द आपल्याला ऐकवला. ताटात काय वाढले आहे यावरून माणसाची हिंसा मोजायची. त्या माणसाला पंगतीत का बसू दिले नाही, हा प्रश्न मात्र हिंसेत धरायचाच नाही, अशी ही सोय होती. दलित साहित्याने या अहिंसेकडे संशयाने पाहिले, ते योग्यच झाले. माझी तक्रार निराळी आहे. दुसऱ्यांची अहिंसा आपण तपासली. आपली स्वतःची कोठे तपासायची, हे आपल्या समीक्षेने अजून ठरवलेले नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेची मांडणी नियम म्हणून न करता तत्त्व म्हणून केली. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद त्यांनी त्यातूनच केला. बुद्धाची अहिंसा दुबळ्यांची नाही, हे सांगण्यासाठी आपण व्यासपीठावरून हा भेद पुष्कळ वापरला. पण तो आपल्याकडेही वळतो, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. घरात बायकोच्या अंगावर हात उगारला जातो तेव्हा गरज कोणती असते? तेथे इच्छाच असते, आणि ती पुरी करायला समोर कमजोर माणूस असतो.

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. उलट उत्तर देऊ शकतील असे निवृत्त सैनिकही त्यांच्यात होते. बाबासाहेबांनी त्यांना हात आवरायला सांगितले आणि त्यांनी तो आवरला. दर मार्चमध्ये आपण हे अभिमानाने सांगतो. भाषण संपवून घरी गेल्यावर तोच हात काय करतो, हे कोणी विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ मी अनेक वर्षे वर्गात शिकवले. ‘स्त्री’ मासिकातून आलेले हे लेखन 1986 साली पुस्तकरूपाने निघाले. मी त्यातली भूक शिकवली, देवदेवस्की शिकवली, बाबासाहेबांच्या विचाराने वस्तीत झालेली उलथापालथ शिकवली. सुनांच्या छळाची पाने आली की ‘हा भाग घरी वाचा’ असे म्हणून पुढे जात असे. एका वर्षी एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, “सर, खोड्याचं पान तुम्ही शिकवणार नाही का?” वर्गात सवर्ण मुलेही होती. मी म्हणालो, “आपल्या घरातलं चारचौघांत कशाला?” ती खाली बसली. चळवळीशी निष्ठा म्हणतात ती हीच, असे मला त्या वेळी वाटले होते.

काय आहे त्या पानांत? सासरच्या जाचाने पळू पाहणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा आहे. बाईचे कापलेले नाक आहे. आणि बेबीताईंनी सांगितलेले त्याचे कारणही आहे. बाहेर ज्यांना गुलाम करून ठेवले होते, त्यांनाही कोणावर तरी हुकमत हवी होती. दुसरे कोणी हाती लागत नव्हते, म्हणून त्यांनी आपल्याच सुनांना गुलाम केले. हिंसा वरून खाली कशी झिरपते याचा इतका सरळ विचार मराठी साहित्यात मला फारसा आढळलेला नाही. विशेष हे, की कारण सांगितल्यामुळे त्या कोणाला माफ करत नाहीत.

तरीही या पुस्तकात एक मौन आहे. बेबीताईंनी हे लेखन वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून केले. नवऱ्याने संशयावरून त्यांना स्वतःला केलेली मारहाण पुस्तकात नाही. इंग्रजी अनुवाद 2008 साली निघाला तेव्हा अनुवादिका माया पंडित यांनी त्यांची मुलाखत घेतली, तीत ती आली. सगळ्या वस्तीच्या सुनांचे दुःख लिहिणाऱ्या बाईला स्वतःचे दुःख लिहिता आले नाही. याच्या शेजारी ‘बलुतं’ (1978) ठेवून पाहा. दया पवारांनी पहिल्या पत्नीवर घेतलेला संशय लपवला नाही, आणि त्या प्रांजळपणाचे आपण कौतुक केले. ते कौतुक मला मागे घ्यायचे नाही. पण त्या संशयाचे ओझे जिने वाहिले तिची बाजू कोठे लिहिली गेली, असे आपल्यापैकी किती समीक्षकांनी विचारले?

यावर कार्यकर्ते म्हणतील, 2006 साली ज्या राज्यात खैरलांजी घडली, तेथे घरातली उणीदुणी काढून शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आत्मटीकेचा असा वापर झालेला आहे आणि पुढेही होईल. पण बाबासाहेबांनी या भीतीने थांबायला सांगितले नव्हते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींना सांगितले, की लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची व्हा, त्याची दासी होऊ नका. अत्याचार तेव्हाही थांबलेले नव्हते.

आता माझ्याविषयी. महाविद्यालयात येण्यापूर्वी मी सहा वर्षे माध्यमिक शाळेत होतो. माझ्या हातात छडी असे आणि आपल्या वस्तीतल्या मुलांवर ती जरा जास्तच चाले. ‘आपली पोरं शिकली पाहिजेत’ हे त्याचे समर्थन होते. शाळेतल्या मारावर 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आणली. मला मात्र पंचशील तोंडपाठ होते, प्राणिमात्राला इजा न करण्याचे पहिले शील मी विहारात दर रविवारी म्हणत होतो, तरी सोमवारी छडी हाती घेताना ते आठवत नव्हते. त्या मुलांना मारण्याची गरज नव्हती. मुख्याध्यापकांकडून झालेला अपमान मी त्यांच्या तळहातांवर उतरवत होतो. बेबीताईंनी सासवांविषयी जे लिहिले ते मलाही लागू होते. मी ते पान का टाळत होतो, हे मला त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर कळले.

रोजच्या जगण्यातली अहिंसा म्हणजे हात, आवाज किंवा शब्द उगारण्याआधी ‘ही गरज आहे की इच्छा’ एवढे स्वतःला विचारणे. आपल्या समीक्षेनेही पुस्तक उघडताना हाच प्रश्न विचारावा. गावाने केलेल्या हिंसेची नोंद घेताना स्वयंपाकघरात झालेली हिंसा तिने गाळू नये.

पुढच्या वर्षी मी खोड्याच्या पानापासूनच शिकवायला सुरुवात केली. वर्गात विशेष काही घडले नाही, मुले ऐकत राहिली. ती विद्यार्थिनी तोवर शिकून गेली होती. तिला द्यायचे राहिलेले उत्तर म्हणून हे लिहिले आहे.