सरासरीने लपवलेलं म्हातारपण

मंडळी, जायकवाडीहून आपल्या शहरात पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्या तुम्हाला ठाऊकच आहेत. वाहिनी फुटते, दुरुस्त होते, पुन्हा फुटते. अशा यंत्रणांवरचं एक महत्त्वाचं पुस्तक म्हणजे हॅरोल्ड ॲशर आणि हॅरी फाइनगोल्ड यांचं १९८४ सालचं ‘रिपेअरेबल सिस्टिम्स रिलायबिलिटी’. आज त्याची थोडी झाडाझडती घेऊ.

लेखकांचा रोख एका सवयीवर आहे: दोन बिघाडांमधली अंतरं घ्यायची, त्यांचा क्रम विसरायचा आणि सरासरी काढायची. समजा, एक वाहिनी ६०, ४०, २५, १५, १० दिवसांच्या अंतराने फुटली. सरासरी ३० दिवस. आता आकडे उलटे लावा. सरासरी तीच! पण पहिली वाहिनी खचत चाललीय, दुसरी सुधारतेय. क्रम पुसला की वाहिनीचं म्हातारपणच पुसलं जातं. हा आक्षेप मला पूर्ण पटतो.

त्यामागचं कारणही बघा. बल्ब गेला की आपण नवा लावतो. वय पुन्हा शून्यापासून. वाहिनीला मात्र आपण एका जागी ठिगळ लावतो. बाकीचा लोखंडी नळ कालइतकाच जुना राहतो. म्हणून वय वाहिनी टाकल्यापासून मोजायचं. नेहमीच्या एका प्रारूपात बिघाडांची अपेक्षित एकूण संख्या या वयाच्या ‘बीटा’ घाताने वाढते. बीटा १ पेक्षा जास्त आला, तर समजायचं की बिघाड दिवसेंदिवस लवकर येताहेत.

माझी तक्रार पुढे आहे. या गणितात बिघाड म्हणजे काळाच्या रेषेवरचा एक ठिपका. दुरुस्तीला लागलेला वेळ सहसा शून्य धरतात. सहा तासांची दुरुस्ती आणि दोन दिवसांची दुरुस्ती, दोन्ही ठिपके सारखेच! जिथे काही दिवसांआड नळ येतो, तिथे वाहिनी एक दिवस बंद राहिली की वसाहतींचं सगळं वेळापत्रक पुढे ढकललं जातं. गणितातला तो शून्य इथे रिकाम्या हंड्यांनी मोजावा लागतो.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा, पण नोंदवहीत तारखेबरोबर फुटल्याचं ठिकाण आणि पाणी बंद राहिलेले तासही मागा. आणि कुणी नुसती सरासरी दाखवून ‘अजून चालेल’ म्हणालं, तर आधी विचारा: क्रम कुठाय?