परदेशातील बिऱ्हाड आणि चरित्रकारांची ‘तपश्चर्या’

परदेशी शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची चरित्रे व आत्मचरित्रे चाळताना एक गोष्ट सहज लक्षात येते. विद्यापीठ, ग्रंथालय, गुरुजन, परीक्षा यांविषयी चरित्रकार पृष्ठेच्या पृष्ठे लिहितो. विद्यार्थी जेथे निजला, जेवला आणि आजारी पडला ती खोली मात्र दोन-चार वाक्यांत आटोपते. त्या वाक्यांतही वर्णनापेक्षा गौरवच अधिक असतो. ‘तप’, ‘साधना’, ‘विद्यार्थिदशेतील व्रत’ असे शब्द एकदा योजले की खोलीचे भाडे किती, ते कोणी भरले, घरमालकिणीने जागा कोणत्या अटींवर दिली, हे प्रश्न अप्रस्तुत ठरतात. या शब्दांनी आपल्या चरित्रवाङ्मयाचे नुकसान केले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते तपासण्यासाठी दोन सुपरिचित उदाहरणे घेतो.

पहिले गांधीजींचे. १८८८ साली लंडनला पोचल्यावर व्हिक्टोरिया हॉटेल, रिचमंडमधील एका स्नेह्याचे घर, वेस्ट केन्सिंग्टनमधील विधवा बाईंचे कुटुंब, मग स्वतंत्र दोन खोल्या आणि शेवटी एकच खोली, असा त्यांच्या बिऱ्हाडांचा क्रम आत्मकथेत आला आहे. १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कथेचा लंडनविषयक भाग हा जवळजवळ जागाबदलाचाच इतिहास आहे. वेस्ट केन्सिंग्टनच्या घरी पोट भरत नसताही अधिक पाव मागण्याचा संकोच, तो ओळखून वाढणाऱ्या त्या घरच्या मुली, चालत जाता येईल अशा बेताने शोधलेली खोली, स्टोव्हवर स्वतः शिजवलेली ओटची लापशी, आणि दिवसाचा सव्वा शिलिंग खर्च, हे सारे तपशील नेमके आहेत. गांधीजी येथे हिशेबनीस आहेत, आणि चांगल्या गद्याला हिशेबनिसाची दृष्टी किती उपकारक ठरते याचा हा नमुना होय. पुढे १८९३-९४ च्या सुमारास त्यांनी लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिकाही लिहिली. आठवड्याला एका पौंडात राहता येते, हे तिचे प्रमुख प्रतिपादन.

परंतु या नेमकेपणातच एक भेद दडलेला आहे. दोन खोल्या सोडून गांधीजी एका खोलीत आले ते स्वेच्छेने. भावाच्या पैशाचा भार कमी व्हावा आणि बाह्य जीवन अंतरंगाशी जुळावे, ही त्यांची प्रेरणा. खर्च वाढवणे शक्य होते, म्हणूनच तो कमी करण्याला नैतिक अर्थ आला. ‘व्रत’ हा शब्द येथे शोभतो, कारण व्रत घेणाऱ्याला ते न घेण्याचीही मुभा असते.

दुसरे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० साली दुसऱ्यांदा लंडनला गेले. तेथील त्यांच्या राहणीचे जे चित्र धनंजय कीर यांनी रंगवले (इंग्रजी ग्रंथ १९५४ चा, मराठी १९६६ चा) ते मराठी वाचकाच्या मनात पक्के बसले आहे. करड्या स्वभावाची घरमालकीण, सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, रात्री भूक अनावर झाली की पापड, आणि पहाटेपर्यंत वाचन. कीरांची लेखणी समर्थ आहे आणि ही माहिती टिकवल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. तथापि पुढे हे चित्र ज्याने त्याने उचलले, त्यात पापडाला प्रतीकाचे मोल आले आणि उपासाला तपाचे. ही उपासमार होती. ती कोणी पत्करलेली नव्हती. जो शब्द गांधीजींच्या लापशीला, तोच आंबेडकरांच्या पापडाला, असे झाले की निवड आणि सक्ती यांतील अंतर पुसले जाते. कर्जाची मुदत, पौंडाचा भाव, घरी पाठवावयाचे पैसे यांचा विचार मग करावाच लागत नाही. वाचकालाही ते सोयीचे पडते.

यावर असा आक्षेप येईल की चरित्र म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. ते मान्य, पण जमाखर्च वगळला तर चरित्रनायकाच्या निर्णयांची कारणेही वगळली जातात. लंडनमधील भारतीयांना खोली मिळणे हा केवळ पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट येथील ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू या घरात ‘इंडिया हाउस’ उघडले, ते सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय म्हणून. सावरकरांच्या लंडनपर्वाचे राजकीय विवेचन आपण पुष्कळ करतो; त्या राजकारणाला छप्पर एका वसतिगृहाने दिले, ही बाब मात्र नोंदीपुरतीच राहते. सरकारनेही ती ओळखली असावी. १९१० साली २१, क्रॉमवेल रोड येथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी सरकारी आश्रयाचे घर उघडण्यात आले, आणि देखरेखीच्या संशयामुळे ते विद्यार्थ्यांच्या विश्वासास कधी पुरते उतरले नाही. (दोन्ही पत्त्यांत क्रॉमवेल यावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला दोष दिला असता.) पुढेही वर्ण पाहून खोली नाकारण्याची रीत ब्रिटनमध्ये उघडपणे चालू होती. १९६५ च्या वंशसंबंधविषयक कायद्याने घरभाड्याला हात लावला नाही. तो लागला १९६८ च्या कायद्याने.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आंबेडकरांच्या परदेशी निवासाचे सर्वांत मार्मिक वाचन त्यांच्याच लेखणीतून उतरले आहे, आणि त्यात परदेशातील एकाही खोलीचे वर्णन नाही. १९१३ साली न्यूयॉर्कला गेल्यावर ते हार्टले हॉल, कॉस्मोपॉलिटन क्लब आणि नंतर भथेनांसह लिव्हिंग्स्टन हॉल येथे राहिले, हे आपल्याला चरित्रकारांकडून कळते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या टिपणांत (लेखन १९३५ च्या सुमाराचे, प्रकाशन १९९०) या जागांविषयी काही नाही. आहे ते एवढेच, की त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार नाहीशी झाली होती. ती परतली बडोद्याच्या स्थानकावर, ‘आता जावे कोठे?’ या प्रश्नासह. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकून, बडोद्याच्याच नोकरीसाठी आलेल्या या पदवीधराला त्या शहरात खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन दीड रुपया रोजाने पारशी धर्मशाळेत राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

या टिपणांचे लेखन दृष्टीपुढे ठेवले की न्यूयॉर्कच्या वसतिगृहाचा अर्थ उमगतो. ज्या घरात राहताना घराची आठवण ठेवावी लागत नाही, त्याचे वर्णन करण्याची गरजच लेखकाला भासली नाही. बडोद्याच्या धर्मशाळेचा अंधारलेला दिवाणखाना आणि तेथील एकांत मात्र तपशिलाने येतो. गांधीजी खोली सांगतात. आंबेडकर खोलीचा अभाव सांगतात. गांधीजींनाही विलायतेस निघताना त्यांच्या ज्ञातीने १८८८ साली मुंबईत बहिष्कृत केले होते. पण १८९१ साली परत आल्यावर राजकोटचे घर त्यांच्यासाठी उघडे होते. दोघांच्या गद्यातील फरकाचे एक कारण येथे आहे, आणि ‘तपश्चर्या’ या शब्दाने ते झाकले जाते.

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जेथे आंबेडकर १९२१-२२ साली राहिले, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. संग्रहालय म्हणून त्याच्या वापरावरून स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांशी वाद झाला आणि २०२० साली परवानगी मिळाली. स्मारक झाले हे योग्यच आहे. परंतु स्मारकातील नीटनेटकी खाट आणि मांडलेली पुस्तके पाहून येणाऱ्या अभ्यासकाने चां. भ. खैरमोडे यांचे चरित्रखंड (पहिला १९५२ चा) पुन्हा उघडावेत. गौरवाचा मोह खैरमोड्यांनाही आहे, रचना विसकळीत आहे. पण पत्रे, देणी आणि पैशाची ओढाताण यांना त्यांनी जागा दिली आहे. त्या खोलीचे भाडे कसे भागत होते याचा शोध घ्यावयाचा तर सुरुवात तेथूनच करावी लागेल.