परदेशस्थ मराठी माणसाचे दैनंदिन जीवन आणि मराठी गद्य : वऱ्हाडातून एक वाचन

प्रस्तावना

अमरावती किंवा अकोल्यातील एखाद्या जुन्या वसाहतीतून फेरफटका मारला तर केवळ दोन वृद्ध माणसे राहत असलेले मोठे घर हमखास दिसते. मुलगा वा मुलगी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात अथवा आखाती देशात आहे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. त्यांचा हुद्दा, पगाराचा अंदाज आणि पुढच्या भेटीचा महिनाही ठाऊक असतो. परंतु ते तेथे काय शिजवतात, आजारी पडल्यास कोणाला हाक मारतात, सुटीच्या दिवशी कशात मन रमवतात, हे फारसे कोणाला सांगता येत नाही. आई फोनवर पहिला प्रश्न विचारते तो मात्र "जेवला काय रे?" हाच.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मराठी गद्याला विचारावयाचा आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. त्या लेखनाची समीक्षा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली : एक, मायदेशाची ओढ, दुसरे, कर्तृत्वाची यशोगाथा. या दोहोंच्या मध्ये असलेले रोजचे जगणे कोणी, कोठे उभे राहून लिहिले, याचा विचार तुलनेने कमी झाला. काही निवडक ग्रंथांच्या आधारे तो येथे करावयाचा असून, वऱ्हाडच्या वाट्याला या लेखनात कोणती जागा आली हेही तपासावयाचे आहे.

१. पत्रांतून दिसणारा संसार : आनंदीबाई जोशी

परदेशस्थ मराठी व्यक्तीच्या दैनंदिन जीवनाची आरंभीची आणि आजही सरस ठरणारी नोंद एका विद्यार्थिनीच्या पत्रव्यवहारात सापडते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची बावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली आणि हे आयुष्य घराघरांत पोहोचले.

पहिली भारतीय स्त्री डॉक्टर हे आनंदीबाईंचे बिरुद सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या परदेशवासाचे खरे स्वरूप त्या बिरुदात नाही. ते त्यांच्या खोलीतील सदोष बांधणीच्या शेकोटीत आहे. विस्तव पेटवला की खोलीभर धूर आणि न पेटवावा तर हाडे गोठवणारी थंडी, अशा पेचात त्यांना अभ्यास करावा लागे. ते त्यांच्या पेहरावातही आहे. नऊवारी लुगड्याने त्या हवेत पायांचे रक्षण होत नाही, म्हणून गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा निर्णय त्यांना घ्यावा लागला आणि तो दूरच्या पतीला पत्रातून समजावून सांगावा लागला. हातांनी शिजवलेले शाकाहारी अन्न, कृश होत जाणारी प्रकृती आणि अभ्यासाचा भार हे त्या जीवनाचे घटक होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आनंदीबाई साहित्य लिहीत नव्हत्या. घरच्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरे देत होत्या. उत्तर द्यावयाचे असल्यामुळेच अन्न, वस्त्र आणि निवारा या गोष्टी लेखनात आल्या. पत्र हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेने दुय्यम मानला. तथापि दैनंदिनाची नोंद करण्याचे त्याचे सामर्थ्य अनेक प्रतिष्ठित प्रकारांहून अधिक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

२. सन १९६० : 'अपूर्वाई' आणि 'धग'

मराठी वाचकाच्या मनातील परदेशाचे चित्र घडविण्यात पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'चा वाटा मोठा आहे. लेखक दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि त्या मुक्कामातून हे पुस्तक सिद्ध झाले. ग्रंथरूपाने ते १९६० मध्ये आले. त्यातील विनोद निर्मळ आहे आणि परक्या माणसांविषयीची आस्था खरी आहे. मात्र हा विनोद परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाचा आहे. तेथील थंडी, अन्न, शिष्टाचार या सर्वांना तो घरच्या मापाने मोजतो आणि त्या मापातूनच गंमत निर्माण होते. जेथे आयुष्य काढावयाचे आहे तेथील थंडीत अशी गंमत उरत नाही. हा 'अपूर्वाई'चा दोष नव्हे, तिच्या भूमिकेची ती स्वाभाविक मर्यादा आहे. दोष असेलच तर तो पाहुण्याची नजर हीच परदेशाविषयी लिहिण्याची नजर मानणाऱ्या पुढील प्रवासवर्णनांचा आहे.

याच वर्षी वऱ्हाडी बोलीला मराठी कादंबरीत मानाचे स्थान मिळवून देणारी उद्धव शेळके यांची 'धग' प्रसिद्ध झाली. या दोन पुस्तकांत विषयाचे कोणतेही साम्य नाही. तरीही ती शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. 'धग'मधील कौतिक परदेशी जात नाही. तिचे सारे विश्व वऱ्हाडातील लहान गावांपुरते मर्यादित आहे. परंतु शिलाईकाम करणाऱ्या नवऱ्याची परिस्थिती, मुलांचे पोट, उसनवारी आणि आजारपण यांतून तिचा एकेक दिवस कसा उभा राहतो, हे शेळके ज्या तपशिलाने व ज्या बोलीत सांगतात, त्यातून दैनंदिन जगण्यालाच शोकात्म उंची प्राप्त होते. तिचा दिवस आपण केवळ पाहत नाही; ती तो कसा पार पाडते हे आपल्याला कळते.

वऱ्हाडच्या वाचकाला 'धग'ने ही कसोटी दिली आहे. परदेशस्थ जीवनाविषयीचे लेखन वाचताना तीच कसोटी लावावयास हवी : दिवस पार पाडण्याचे श्रम या लेखनात आहेत काय? आणि ज्या भाषेत ते श्रम होतात, ती भाषा त्यात आहे काय?

३. रहिवाशाची नजर

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने स्थलांतराचे जुने निर्बंध बदलले. त्यानंतर डॉक्टर, अभियंते आणि संशोधक मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्या काळी सोबत नाममात्रच परकीय चलन नेता येत असे. 'आठ डॉलर' हा त्या पिढीच्या आठवणींतील परवलीचा शब्द आहे. या पिढीबरोबर मराठी गद्यात पाहुण्याच्या जागी रहिवासी आला.

लंडनमध्ये दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या डॉक्टर मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन' या पुस्तकाच्या शीर्षकातील पहिला शब्द या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परक्या महानगराला 'माझं' म्हणण्याचा अधिकार तेथे राहून, वावरून मिळवलेला आहे. पुस्तकात शहराची ओळख आत्मीयतेने करून दिली जाते. तथापि लेखनाचा ओघ बहुधा वास्तू, इतिहास आणि रस्ते यांच्याकडे वळतो. रहिवासी लेखिका वाचकाला शहर दाखवते. घर दाखवण्याची निकड तिला तेवढी वाटत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या शोभा चित्रे यांच्या 'गोठलेल्या वाटा' या ललितलेखनाचे शीर्षकही असेच सूचक आहे. हिमवर्षाव हा पाहुण्याला सोहळा वाटतो. रहिवाशाला त्यातून रोजची वाट काढावी लागते.

अपर्णा वेलणकर यांचे 'फॉर हिअर, ऑर टू गो?' (२००७) हे पुस्तक या विषयात वेगळे ठरते. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांशी साधलेल्या संवादातून ते आकारास आले. खाद्यपदार्थाच्या दुकानात पदार्थ येथेच खाणार की बांधून नेणार, असा प्रश्न विचारतात. त्या साध्या प्रश्नाला लेखिकेने एका पिढीच्या आयुष्याचा प्रश्न केले : येथेच राहणार की परत जाणार? लेखिका स्वतः स्थलांतरित नाही, हे येथे बलस्थान ठरते. घरच्या बाजूने विचारावयाचे प्रश्न ती विचारते आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागते. आनंदीबाईंच्या पत्रांत जे घडले तेच येथे निराळ्या रीतीने घडते. या पुस्तकाची मर्यादा वर्गीय आहे. त्यातील विश्व प्राधान्याने उच्चशिक्षित, व्यावसायिक आणि अखेरीस स्थिरावलेल्या कुटुंबांचे आहे. आखाती देशांत कुटुंबाविना राहून कराराची वर्षे मोजणारा कामगार मराठी गद्यात अजूनही विरळाच भेटतो.

४. सणाचे जीवन आणि सोमवारचे जीवन

परदेशस्थ मराठी माणसाच्या आवडीनिवडींचा विचार मंडळांच्या उल्लेखावाचून पूर्ण होत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, शिकागोचे १९६९ चे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागो येथे भरले. टोरांटोहून निघालेल्या 'एकता' या नियतकालिकाने तेथील लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. गणेशोत्सव, हौशी नाटके, गाण्याच्या मैफली, मुलांसाठी सुटीच्या दिवशी भरणारी मराठी शाळा हे त्या जीवनाचे आनंदाचे भाग आहेत. ते टिकवण्यासाठी नोकरी सांभाळून केलेले श्रमही आदरास पात्र आहेत.

परंतु या संस्थांमधून आपल्यापर्यंत पोहोचणारे चित्र साहजिकच सणाचे असते. नाटकाचा प्रयोग शनिवारी होतो. सोमवारी तोच कलावंत परक्या भाषेत नोकरी करतो, सायंकाळी इंग्रजीत बोलणाऱ्या मुलांशी मराठीत बोलत राहतो, त्यांची उत्तरे इंग्रजीतच ऐकतो. घरात या दोन भाषांच्या संमिश्रणातून एक नवी बोली तयार होते. आई मराठीत रागावते, मूल इंग्रजीत समजूत काढते. 'धग'ने वऱ्हाडी बोलीला जे स्थान दिले, ते या नव्या घरगुती बोलीला परदेशस्थ मराठी लेखनाने अपवादानेच दिले आहे. ती बहुधा विनोदासाठी वापरली जाते. दुःख सांगण्याची वेळ आली की लेखक प्रमाण मराठीकडे वळतो. येथे अनुभवाची भाषा आणि लेखनाची भाषा यांची फारकत होते, आणि हेच या लेखनाच्या उण्या उंचीचे एक प्रमुख कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

५. वऱ्हाडची रिकामी जागा

या परंपरेत वऱ्हाड कोठे आहे? माणसे तर येथूनही गेली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी ऑगस्ट १९०८ मध्ये इंग्लंडला निघाले आणि सुमारे दोन वर्षे लंडनमध्ये राहिले. 'वऱ्हाडचे नबाब' म्हणून ओळखले जाणारे, माणसांच्या राबत्यात राहणारे हे वकील परक्या शहरात कसे राहिले असतील, हे कुतूहल कोणालाही वाटावे. विशेष म्हणजे खापर्डे नियमाने रोजनिशी लिहीत. तरीही त्यांच्या इंग्रजी रोजनिशीचा वाचकांना सर्वाधिक परिचित असलेला भाग लंडनचा नाही. तेथून परतल्यावर डिसेंबर १९१० पासून त्यांनी शिर्डीत काढलेल्या दिवसांचा आहे. श्रद्धेने एक भाग जपला, हे योग्यच झाले. दुसरा भाग जपण्याचे काम अभ्यासकांचे होते.

पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये इंग्लंडला गेले. शेतकरी कुटुंबाने मोठा आर्थिक भार सोसून त्यांना पाठवले. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन, वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध सिद्ध करून ते १९२६ मध्ये परतले. त्यांच्या पदव्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ या रूपांनी त्यांचे नाव आपल्या नित्य व्यवहारात आहे. परंतु पैसे वेळेवर न पोहोचले तर विद्यार्थी पंजाबराव काय करीत, भाकरीची सवय असलेल्या तरुणाने स्कॉटलंडच्या हिवाळ्यात काय खाल्ले, हे आपल्या गौरवपर लेखनात सहसा विचारले जात नाही. आपला चरित्रलेखनाचा प्रघात माणूस बोटीवर चढताना दाखवतो आणि पदवी घेऊन उतरताना दाखवतो. मधली वर्षे एका वाक्यात संपतात.

यावर कोणी म्हणेल की थोरांच्या जेवणाखाण्याच्या तपशिलाला वाङ्मयीन मूल्य काय? आक्षेप रास्त आहे. केवळ तपशील म्हणजे साहित्य नव्हे. परंतु तपशील वगळल्याने जी हानी होते ती केवळ माहितीची नसते. अडचण, एकाकीपण आणि तडजोड वगळली की परदेशगमन ही फक्त यशाची वाट उरते. आज येथून जाणारा तरुण तीच प्रतिमा घेऊन जातो. तेथे खोली गार पडली, नोकरी गेली किंवा मन खचले, तर ते घरी सांगण्यासाठी त्याच्यापाशी पूर्वसूरींचे शब्द नसतात. "जेवला काय रे?" याला तो "हो" एवढेच म्हणतो.

६. निष्कर्ष

१) परदेशस्थ मराठी जीवनाचे सर्वांत सघन चित्रण तेथे आढळते, जेथे लेखन घरच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जन्माला येते. म्हणून पत्र, रोजनिशी आणि संवाद या प्रकारांचे पुनर्मूल्यमापन होणे आवश्यक आहे.

२) पाहुण्याच्या नजरेकडून रहिवाशाच्या नजरेकडे झालेला प्रवास ही या गद्याची प्रगती आहे, मात्र त्याची भाषा अद्याप रहिवाशाच्या घरातील बोलीपर्यंत पोहोचलेली नाही.

३) वऱ्हाडातून माणसे गेली, पण त्यांच्या परदेशातील दिवसांना आपल्या वाङ्मयात जागा मिळाली नाही. कारण आपण त्यांचे कर्तृत्व जपले, दिवस जपले नाहीत.

यातील तिसरी उणीव काही अंशी अजूनही भरून काढता येईल. अमरावती-अकोल्यातील अनेक घरांत साठ-सत्तरच्या दशकांतील निळी हवाईपत्रे ट्रंकांत पडून असण्याची शक्यता आहे. दूरध्वनी स्वस्त झाला आणि पुढे चित्रसंवाद सुरू झाला, तशी ही पत्रे थांबली. आजच्या संभाषणाची तर कोणतीही नोंद मागे राहत नाही. पत्रे जपणारी पिढी आता वार्धक्यात आहे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी कुटुंबांची संमती घेऊन, आवश्यक तेथे नावे वगळून, ही पत्रे संकलित करावीत. पत्रे लिहिणाऱ्यांच्या व ज्यांना ती आली त्यांच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडीत नोंदवून घ्याव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून निकडीचा विषय शोधावा लागणार नाही. घर विकले गेले की ट्रंक रद्दीत जाते, आणि आपल्या वसाहतींतील घरे विकली जाऊ लागली आहेत.