कल्पनेतल्या आरमाराला कोळसा कोण पुरवणार?

4 मे 1917. इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘ट्रान्सिल्व्हानिया’ या ब्रिटिश सैनिकवाहू जहाजाला पाणतीर लागला. जपानी विनाशिका ‘मात्सु’ त्याला खेटून उभी राहिली आणि सैनिक उतरवून घेऊ लागली. दुसरी जपानी विनाशिका ‘साकाकी’ भोवती घिरट्या घालत जर्मन पाणबुडीला दाबून ठेवत होती. तेवढ्यात दुसरा पाणतीर आलाच. तरीही सुमारे 3,000 माणसं वाचली. पुढच्याच महिन्यात क्रीटजवळ ‘साकाकी’ स्वतः पाणतीराला सापडली आणि तिच्यावरचे 59 जण गेले. माल्टातल्या कल्कारा इथल्या आरमारी दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे.

यातलं काहीच कल्पित नाही. पण दूरच्या आघाडीवर मित्रांसाठी लढणाऱ्या जपानच्या जर-तरच्या कथा वाचताना हे सारखं आठवतं, कारण त्या कथांना या खऱ्या माणसांची सर येत नाही.

जपानमध्ये ‘कासो सेन्की’, म्हणजे कल्पित युद्धकथांचं, 1990च्या दशकात उदंड पीक आलं. आरामाकी योशिओ यांच्या ‘कोनपेकी नो कान्ताई’ या मालिकेत दुसऱ्या महायुद्धातले जपानी अॅडमिरल यामामोतो मरतात आणि 1905 मध्ये, आपल्याच तरुण देहात, पुन्हा जागे होतात. पुढच्या चुका आधीच ठाऊक! तिच्या जोडमालिकेत जपानी आरमार नाझींशी लढायला थेट युरोपाकडे निघतं. सातो दाइसुके यांच्या ‘रेड सन ब्लॅक क्रॉस’मध्ये जपान आणि ब्रिटन खांद्याला खांदा लावून जर्मनीशी भिडतात. तोफा, चिलखतं, वेग यांत हे लेखक हात आखडता घेत नाहीत. मात्र इंधन, रसद, टोकियोतली घासाघीस यांचा विषय निघाला की घाईनं पुढे सरकतात. शिवाय नाझींशी लढणारा जपान उभा केला, की चीनमधल्या अत्याचारांचा हिशेब सोयीस्कररीत्या मागे पडतो.

खरी कथा त्या घासाघिशीतच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सनं पायदळ मागितलं, जपाननं नकार दिला. 1917 मध्ये विनाशिका दिल्या, त्या शांतुंग आणि विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या जर्मन बेटांवरचा आपला हक्क ब्रिटनकडून कबूल करून घेऊनच. आणि पोचणंही सोपं नव्हतं: दुसऱ्या महायुद्धात तर मित्र जर्मनीशी संपर्कासाठी युरोपकडे पाठवलेल्या पाच पाणबुड्यांपैकी ‘आय-8’ ही एकटीच सुखरूप मायदेशी परतली.

मित्राचा भरवसा किती धरावा, हा पेच फिलिप डिक यांनी ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये (1962) नेमका पकडला. तिथे जपान आणि जर्मनी युद्ध जिंकतात आणि मग एकमेकांनाच धसकतात. मराठीत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांच्या कानाला चाटून गेलेल्या एका गोळीवर अख्खा इतिहास वळवला. जपानसाठी तसा क्षण आयता पडून आहे: फ्रान्सच्या विनंतीला टोकियोतून ‘हो’ आलं असतं, तर? मग पहिलं प्रकरण रणांगणावर नव्हे, त्या तुकड्यांना युरोपात पोचवणारी जहाजं कुणाची आणि बदल्यात काय, या बैठकीत घडलं असतं.