सावकार गेला, पाश राहिला

बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) सावकार खोट्या कागदावर शेतकऱ्याची जमीन लाटतो. शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. सिनेमा मोठाच, पण त्यातला अन्याय खोट्या कागदावर उभा आहे. कागद खरा असता तर?

उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली. तिच्यात खोटं काहीच नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० शेतकरी, मजूर, घरकामगार यांचं राहतं घर जप्तीतून वगळतं. पण तेच घर कर्जासाठी गहाण ठेवलं, की २००२च्या सरफेसी कायद्यापुढे ही ढाल चालत नाही. ६० दिवसांची नोटीस, मग ताबा.

माझ्या होम लोनवरही माझीच खरी सही आहे. या गोष्टीत खलनायक नाही. तो सिनेमा मला बघायचाय.