वारसाहक्कानें आलेली लक्ष्मी

जुन्या वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हां भांडीं मोजलीं जातात, दागिने तोलले जातात. आणि माजघरांतील चित्र, नको म्हणण्याचें ज्याला सुचत नाहीं, त्याच्या वांट्याला येतें. असेंच एक चित्र एका स्नेह्यांनीं आमच्याकडे अभिप्रायासाठीं आणिलें. पुठ्ठ्यावर तैलरंगांत काढलेली हातभर उंचीची लक्ष्मी. खालच्या कोपऱ्यांत दोन आद्याक्षरें. घरांत याविषयीं मतें दोन. तरुण मंडळी म्हणतात कीं, हें राजा रविवर्म्याचें असून त्याची मोठी किंमत यावी. वडीलधाऱ्यांच्या मतें तें चुलत आजोबांचें. कारण त्यांना 'तसले नाद' होते.

पहिलें मत फार वेळ टिकत नाहीं. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत छापांनीं घरोघरचीं देवघरें भरून गेलीं. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि सोंडेंत माळ धरलेला हत्ती ही मांडणी त्या छापांतलीच. हौशी माणसाला समोर बसविण्यास मनुष्य कोठून मिळणार? भिंतीवरचा छाप हाच त्याचा गुरु. कित्येक घरीं छापावरच जर नि टिकल्या चढवीत. म्हणून आम्हीं भिंग लावून पाहिलें. छापाचे बारीक ठिपके कोठें दिसले नाहींत. आडव्या उजेडांत कुंचल्याचे वर आलेले फटकारे मात्र स्पष्ट दिसले. तेव्हां ही हातानें केलेली नक्कल आहे.

चित्राची पाठ पुढच्या बाजूहून अधिक बोलकी निघाली. चौकटीवरील दुकानाच्या चिठ्ठींत पिनकोड आहे. पिनकोड १९७२ सालीं सुरू झाला, म्हणजे चौकट त्यानंतरची. पण पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनें 'आषाढ, शके १८४०' असें लिहिलें आहे. तें साल इसवी १९१८ चें. (रंगांत टिटॅनियमचा पांढरा आढळल्यास मात्र ही तारीख संशयास्पद ठरेल, तो रंग चित्रकारांच्या हातीं १९२० च्या सुमारास आला.) आमच्या स्नेह्यांना नवी चौकट हवी होती, आणि चौकटवाल्यानें 'कुजका पुठ्ठा' काढून टाकण्याची तयारीहि केली होती. चित्र साबणाच्या पाण्यानें पुसण्याचा बेतहि ठरला होता, तो आम्हीं आग्रहानें मोडला.

चित्र म्हणून पाहिलें तर त्याचे दोष लपत नाहींत. चारी हात लांकडी, चेहरा निर्विकार, हत्ती तर पिठाचा केल्यासारखा. छापावरून जें जें घेतलें तें तें निर्जीव झालें आहे. परंतु लुगडें पाहावें! त्याच्या निऱ्या मोजून घ्याव्या इतक्या नीट पडल्या आहेत. कांठ घडीबरोबर वळतो, पदराचें टोंक कोठें खोंचलें आहे तें कळतें, आणि जेथें कापड जड आहे तेथें तें जडच दिसतें. येथें छाप बाजूला ठेवून काढणाऱ्यानें रोजची ओळखीची वस्तु रंगविली आहे. एवढ्या भागापुरतें हें चित्र कोणत्याहि छापाहून सरस आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

आतां आद्याक्षरें. त्यांतील आडनांव जुळतें. पहिलें अक्षर मात्र चुलत आजोबांच्या नांवाचें नाहीं. तें त्यांच्या पत्नीच्या नांवाचें आहे! हें इतकीं वर्षें कोणाच्या ध्यानींहि आलें नाहीं; नाद असायचा तो आजोबांनाच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून १९३१ सालीं पदविका घेतलेल्या अंबिका धुरंधर यांचे वडील रावबहादूर धुरंधर त्याच शाळेंत शिकवीत. तो योग कितीजणींच्या वांट्याला आला? बाकीच्यांचा कुंचला स्वयंपाक उरकल्यावर दुपारीं चालला असेल तर चाललाच. केवळ लुगड्यावरून बाईचा हात ओळखतां येतो असें आम्ही म्हणत नाहीं. पुरुषालाहि डोळे असतात. परंतु तारीख, अक्षर आणि निऱ्या हीं तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवीत असतां आजोबांचाच हट्ट धरणें हें निव्वळ संवयीचें लक्षण होय.

लग्नांत नांव बदलण्याच्या चालीमुळें माहेरचीं कागदपत्रें शोधतांना दुसऱ्याच नांवानें शोधावें लागेल. स्नेह्यांनीं माहेरच्या मंडळींस तसें पत्र लिहिलें आहे; शाळेंतील चित्रकलेच्या वह्या, परीक्षेचा दाखला, अथवा निदान हस्ताक्षराचा एखादा नमुना मिळाल्यास पेन्सिलीच्या ओळीशीं ताडून पाहतां येईल. 'कुजका' पुठ्ठा तूर्त आमच्या कपाटांत आहे.