निर्णय आहे, कारण कुठे आहे?

फेब्रुवारी २०२४ मधील गोष्ट. १३ तारखेची मध्यरात्र उलटून दीड वाजून गेला होता. माझा नातू जर्मनीतील लाइपझिगच्या मैदानावरचा सामना दूरदर्शन संचावर पाहत बसला होता आणि झोप येईना म्हणून मीही त्याच्या शेजारी जाऊन बसलो. युरोपातील चॅम्पियन्स लीग स्पर्धेची बाद फेरी. यजमान लाइपझिगपुढे रियल माद्रिदसारखा बलाढ्य संघ. सामन्याचे दुसरेच मिनिट चालू असताना गोलासमोरच्या गर्दीतून वीस वर्षांच्या बेंजामिन शेश्कोने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. सारे मैदान उसळले. तेवढ्यात साहाय्यक पंचाचे निशाण वर गेले. पडद्यामागे चित्रफिती तपासल्या गेल्या आणि गोल रद्द झाला तो झालाच. नातवाने विचारले, ''आजोबा, शेश्को तर ऑफसाइड नव्हता. मग गोल का नाही दिला?''

त्या प्रश्नाचा माग काढताना जे पाहिले, वाचले आणि मनात आले, ते येथे मांडत आहे. फुटबॉल हा आपल्या त्रैमासिकाचा नित्याचा विषय नव्हे, हे मी जाणतो. तथापि भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात दोन दगड मांडून गोल करणाऱ्या गोव्यात ज्याचे बालपण गेले, त्याने या विषयासाठी क्षमा मागण्याचे कारण नसावे. शिवाय मूळ प्रश्न निर्णय कसा द्यावा हा आहे, आणि माझी सारी नोकरी निर्णय देण्यातच गेली.

प्रथम या खेळाडूविषयी. शेश्कोचा जन्म ३१ मे २००३ रोजी स्लोव्हेनियातील रादेचे या लहानशा गावी झाला. सोळाव्या वर्षी तो ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग संघाकडे गेला आणि २०२३ मध्ये लाइपझिगला आला. उंची सहा फूट पाच इंचांच्या आसपास. एवढ्या उंचीची माणसे बहुधा मंद असतात आणि त्यांचा उपयोग उंच चेंडूंपुरता राहतो. शेश्कोची गंमत अशी, की तो धावण्यातही चपळ आहे, दोन्ही पायांनी मारतो आणि हवेत झेपावला की क्षणभर तेथेच थांबल्यासारखा भासतो. साल्झबुर्गहूनच पुढे गेलेल्या हालांडशी त्याची तुलना होऊ लागली ती यामुळेच. अशा तरुणाच्या वाट्याला माद्रिदविरुद्ध दुसऱ्या मिनिटाला गोल करण्याचा क्षण वारंवार येत नाही. लाइपझिगने तो सामना ०–१ असा गमावला. ६ मार्चला माद्रिदमध्ये १–१ अशी बरोबरी झाली आणि दोन सामने मिळून २–१ या फरकाने लाइपझिग स्पर्धेबाहेर पडले. रियल माद्रिदने पुढे ती स्पर्धाच जिंकली. तो गोल मान्य झाला असता तर काय घडले असते, हे सांगता येत नाही. पण त्याचे मोल किती होते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आता नियम काय म्हणतो ते पाहू. ऑफसाइडचा नियम अकराव्या क्रमांकाचा. त्याची मेख अशी, की ऑफसाइड जागी नुसते उभे असणे हा गुन्हा नव्हे. त्या जागी उभ्या असलेल्या खेळाडूने खेळात भाग घेतला, प्रतिस्पर्ध्याला अडथळा आणला किंवा त्या जागेचा लाभ उठवला, तरच तो दोषी ठरतो. प्रस्तुत प्रसंगी शेश्को निर्दोष होता. त्याचा सहकारी बेंजामिन हेन्रिख्स मात्र ऑफसाइड जागी, गोलरक्षक लुनिनच्या निकट होता आणि त्याने लुनिनला अडथळा आणला, असे ठरविण्यात आले. म्हणजे येथे दोन प्रश्न होते. हेन्रिख्स कोठे उभा होता? आणि त्याच्या तेथे असण्याने लुनिनच्या हालचालीत खरोखर बाधा आली काय? पहिला प्रश्न मोजमापाचा. दुसरा मात्र तारतम्याचा. पुन:पुन्हा चित्रण पाहूनही मला ती बाधा गोल नाकारण्याइतकी वाटली नाही. माझे मत चुकीचे असू शकेल, पण असे मत असणारा मी एकटा नव्हतो.

व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे आता सर्वतोमुखी झालेले 'व्हीएआर', कशासाठी आले हे विसरून चालणार नाही. १९८६ च्या विश्वचषकात माराडोनाने हाताने केलेला गोल साऱ्या जगाने पाहिला. पंचांना तेवढा दिसला नाही. २०१० मध्ये इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडून बाहेर आला, तरी गोल मिळाला नाही. अशा ढळढळीत चुका टाळाव्यात म्हणून २०१६ पासून प्रयोग सुरू झाले, मार्च २०१८ मध्ये या व्यवस्थेला नियमावलीत स्थान मिळाले आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात ती वापरली गेली. तिची कक्षा चार बाबींपुरती ठेवण्यात आली: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि शिक्षा भलत्याच खेळाडूला झाली असल्यास ती दुरुस्ती. कमीत कमी हस्तक्षेप आणि जास्तीत जास्त लाभ, हे तिचे ब्रीद.

ही व्यवस्था नसली तर काय होते, याचा चटका आपण भारतीयांनीही सोसला आहे. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यात छांगटेच्या गोलामुळे भारत आघाडीवर होता. ७३ व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना तो मागे ओढून कतारने गोल केला आणि पंचांनी तो मान्य केला. त्या फेरीत व्हिडिओ पंच नव्हते. पुढे आणखी एक गोल होऊन भारत १–२ असा हरला. जिंकला असता तर प्रथमच पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पोहोचला असता. एक चित्रफीत पाहिली असती तर अर्ध्या मिनिटात न्याय झाला असता. त्यामुळे ही यंत्रणाच मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. इंग्लंडमध्ये २०२४ साली वुल्व्हरहॅम्प्टन संघाने तसा ठराव मांडला, तो १९ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. नॉर्वेतील अव्वल संघांनीही तशीच मागणी केली होती. तेथील महासंघाने २०२५ मध्ये ती नाकारली.

माझी तक्रार वेगळी आहे. मोजमाप जसजसे सूक्ष्म होत गेले, तसतसा तारतम्याचा प्रश्नही मोजमापानेच सुटेल असा भ्रम पसरला. २०२२ च्या कतार विश्वचषकात छताखाली बारा कॅमेरे बसविले होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपत, आणि चेंडूतील संवेदक सेकंदाला पाचशे वेळा माहिती पाठवी. २९ जून २०२४ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या अँडरसनचा जर्मनीविरुद्धचा गोल रद्द झाला, तो डिलेनीच्या बुटाचे टोक पुढे होते म्हणून. ते कठोर वाटले तरी मला मान्य आहे. रेषा ती रेषा. जमिनीच्या मोजणीत हातभराची चूक म्हणजे चूकच, हे महसूल खात्यात काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण अडथळा झाला की नाही, हे कोणता संवेदक सांगणार? तेथे शेवटी माणूसच मत देतो. मात्र ते मत यंत्राच्या खोलीतून बाहेर आल्यामुळे त्याला यंत्राची प्रतिष्ठा मिळते आणि कोणी कारण विचारीनासे होते.

येथे माझ्या कारकिर्दीतील एक प्रसंग सांगणे अस्थानी होणार नाही. मामलेदारांच्या निर्णयांवरील अपिले ऐकण्याचे काम माझ्याकडे नव्यानेच आले होते. कामाचा डोंगर साचलेला. एका कुळाचे अपील मी दोन ओळींत फेटाळले: अपिलात तथ्य नाही, सबब नामंजूर. काही दिवसांनी तो वृद्ध शेतकरी कचेरीत आला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, ''साहेब, हरलो त्याचे काही नाही. का हरलो तेवढे सांगा, म्हणजे घरी सांगता येईल.'' मी कागद पुन्हा काढले. निर्णय बदलण्याजोगा नव्हता. पण का नव्हता, हे त्या दोन ओळींत कोठेच नव्हते. त्या दिवसापासून कारणांशिवाय आदेशावर सही केली नाही. आमच्या शिक्षणात हे सांगितलेले असतेच, की आदेश बोलका हवा. पुस्तकातले ते वाक्य मला त्या म्हाताऱ्याने शिकवले.

अपिलाचे दुसरेही एक तत्त्व आहे. खालच्या अधिकाऱ्याच्या जागी मी असतो तर वेगळा निर्णय दिला असता, एवढ्यावरून त्याचा निर्णय फिरवायचा नसतो. चूक उघड असावी लागते. व्हिडिओ पंचांच्या नियमावलीतही नेमके हेच आहे: चूक स्पष्ट आणि उघड असेल तरच हस्तक्षेप. हे तत्त्व चांगले आहे. पण त्याचा एक परिणाम लक्षात घेतला जात नाही. साहाय्यक पंचाने निशाण उंचावले आणि तपासनिसाने ते कायम ठेवले, तर त्याचा अर्थ 'अडथळा सिद्ध झाला' असा होत नाही. 'मूळ निर्णय उघडपणे चुकीचा म्हणता येत नाही' एवढाच होतो. या दोहोंत मोठे अंतर आहे. प्रेक्षकाला मात्र एकच गोष्ट कळते: यंत्राने पाहिले आणि गोल नाही म्हटले.

बोलक्या आदेशाच्या अभावी केवढा अनर्थ होतो, याचा नमुना ३० सप्टेंबर २०२३ च्या टॉटनहॅम–लिव्हरपूल सामन्यात पाहावयास मिळाला. लिव्हरपूलच्या लुईस डियासचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरविला गेला होता. व्हिडिओ पंचांनी तपासून तो योग्य असल्याचे पाहिले. परंतु मैदानावर गोल दिलाच आहे अशा समजुतीने त्यांनी 'तपासणी पूर्ण' एवढेच कळविले. मैदानावरील पंचांनी त्याचा अर्थ आपला निर्णय कायम झाला असा घेतला आणि खेळ पुढे चालू केला. मोजमाप अचूक होते, माणसेही प्रामाणिक होती. काय तपासले आणि काय ठरले, हे एक पूर्ण वाक्य कोणी उच्चारले नाही, म्हणून अन्याय झाला. फाईलवर प्रस्ताव न वाचता 'मान्य' असा शेरा मारणारे अधिकारी मी पाहिले आहेत. ही त्याच जातीची चूक.

उपाय अवघड नाही. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी तपासणीनंतरचा निर्णय ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला ऐकविला. तो पायंडा सर्वत्र पडावा, आणि नुसता निर्णय न सांगता कारणही सांगावे: कोणता खेळाडू, कोठे होता, त्याने कोणाला कसा अडथळा आणला. ज्याला हे तीन घटक एका वाक्यात बसवता येणार नाहीत, त्याला आपल्याच निर्णयाविषयी पुन्हा विचार करावासा वाटेल. कारण लिहिण्याचा पहिला लाभ, तो लिहिणाऱ्यालाच होतो.

तरुण खेळाडूच्या दृष्टीने याचे महत्त्व काय, हे शेश्कोच्याच आणखी एका क्षणावरून कळते. १ जुलै २०२४ रोजी युरो स्पर्धेत स्लोव्हेनिया–पोर्तुगाल सामना गोलशून्य बरोबरीत जादा वेळेत गेला होता. पेपेचा पाय घसरला, चेंडू शेश्कोला मिळाला आणि समोर केवळ गोलरक्षक कोस्टा उरला. कोस्टाने पायाने तो फटका अडविला, आणि पुढे पेनल्टींवर स्लोव्हेनिया हरले. ती संधी शेश्कोने स्वतः दवडली. ते दुःख मोठे असेल, पण त्याचे कारण त्याला ठाऊक आहे. त्यावर सराव करता येतो. फेब्रुवारीतील त्या गोलाने त्याला काय शिकवावे? त्याने धाव बरोबर घेतली होती, उडी बरोबर मारली होती.

तो खचला नाही, ही आनंदाची गोष्ट. त्या मोसमातील जर्मन लीगच्या अखेरच्या सातही सामन्यांत त्याने गोल केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडकडे गेला. खेळाडू पुढे जातात, नोंदवहीत न आलेला गोल मागे राहतो.

नातवाला मी त्या रात्री काय उत्तर दिले? नियम समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ''हे त्यांनीच सांगितले असते तर?'' मला एकदम कचेरीतील तो म्हातारा आठवला.